सीट्रिपची सोडत: घरून काम मिळालं आणि निम्मे परत आले

2010 च्या हिवाळ्यात शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत एक सोडत निघाली. अध्यक्ष जेम्स लियांग यांनी भांड्यातून पिंगपाँगचा एक चेंडू उचलला आणि निकाल लागला 'सम'. ज्यांची जन्मतारीख सम आकड्याची, त्यांनी डिसेंबरपासून घरून काम करायचं; विषमवाल्यांनी रोजच्यासारखं ऑफिसात यायचं. ऑगस्ट 2011 पर्यंत, म्हणजे जवळपास नऊ महिने, हे चाललं.

घरून काम आणि त्यातला ताण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 2020 येतं. पण अभ्यासायला ते वर्ष फार गढूळ आहे. आजाराची धास्ती, बंद शाळा, कामाला न येऊ शकणाऱ्या मावशी, पगारकपातीची टांगती तलवार, या सगळ्यातून कामाची जागा बदलल्याचा ताण वेगळा कसा काढणार? सीट्रिपचं प्रकरण त्या मानाने स्वच्छ आहे. माणसं तीच, काम तेच, साहेब तोच. बदलली फक्त खुर्ची कुठे ठेवलीय ती जागा. म्हणून इतक्या वर्षांनीही हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं वाटतं.

कंपनी आणि तिची डोकेदुखी

सीट्रिप 1999 ची. 2003 मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात तिची नोंदणी झाली आणि 2010 च्या सुमारास तिथे 16,000 च्या आसपास माणसं होती. विमानाची तिकिटं आणि हॉटेलची बुकिंगं हा धंदा. त्या काळात चीनमध्ये बरंचसं बुकिंग फोनवर व्हायचं, त्यामुळे कंपनीचा गाडा कॉल सेंटरवर चालायचा.

डोकेदुखी दोन होत्या. शांघायमधली ऑफिसची भाडी चढत चालली होती आणि माणसं टिकत नव्हती. कॉल सेंटरमधली जवळपास निम्मी माणसं दर वर्षी सोडून जायची. पुण्यात किंवा ऐरोलीत ज्यांनी बीपीओचा फ्लोअर सांभाळलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. माणूस घ्या, शिकवा, मॉक कॉल करून घ्या, आणि तो जरा हाताशी येतो तोवर त्याचा राजीनामा मेलमध्ये येऊन पडतो.

लियांग तेव्हा स्टॅनफर्डला अर्थशास्त्रात पीएचडी करत होते. माणसं घरी बसवली तर भाडं वाचेल आणि कदाचित गळतीही थांबेल, हा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. पण कंपनीतल्या इतर वरिष्ठांना वेगळी भीती होती: विशीतली पोरं, घरी कोणी बघायला नाही, ही टीव्ही लावून बसतील. वाद घालत बसण्यापेक्षा करून बघू, असं ठरलं. निकोलस ब्लूम, जॉन रॉबर्ट्स आणि झिचुन यिंग हे संशोधक त्यात आले. त्यांचा लेख पुढे 2015 मध्ये प्रसिद्ध झाला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घरून काम ही तोवर वरच्या पगारवाल्यांची चैन मानली जायची. इथे ती सर्वात खालच्या पायरीवरच्या, कॉल मोजून बोनस मिळणाऱ्या माणसांवर आजमावली गेली. पुढचे सगळे निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

अटी

विमान आणि हॉटेल विभागातल्या 996 जणांना विचारलं. 503 जण तयार झाले. म्हणजे रोज सरासरी 80 मिनिटं प्रवासात घालवणाऱ्या या माणसांपैकी निम्म्यांनी आधीच 'नको' म्हटलं. घरी एकटं पडू, ही त्यांची मुख्य शंका होती. कोणताही प्रयोग सुरू होण्याआधीच आलेलं हे उत्तर मला सगळ्या टक्केवारीपेक्षा मोलाचं वाटतं, कारण व्यवस्थापनाने गृहीत धरलं होतं की घरी बसायला कोण नाही म्हणणार!

तयार असलेल्या 503 मधून कंपनीने चाळणी लावली. नोकरीला सहा महिने झालेले हवेत, घरी ब्रॉडबँड हवा, आणि शिफ्टच्या वेळात स्वतःपुरती वेगळी खोली हवी. या चाळणीतून 249 उरले. चेंडूने त्यांचे दोन भाग केले: 131 घरी, 118 ऑफिसात.

मग आल्या कामाच्या अटी, आणि माझ्या मते प्रकरणाचं मर्म या कंटाळवाण्या कलमांत आहे. घरच्या माणसाचा टीम लीडर तोच राहिला. शिफ्टही टीमबरोबरचीच. कॉल त्याच मध्यवर्ती सर्व्हरवरून येणार, सॉफ्टवेअर तेच, पगाराचं सूत्र तेच, काही ठरावीक आणि काही कामगिरीवर. पाचपैकी चार शिफ्ट घरी, एक ऑफिसात. तो ऑफिसचा वार कंपनी ठरवणार. आपल्या सोयीने वेळ निवडायची मुभा कुणालाच नव्हती.

आजच्या कानांना हे जाचक वाटेल. 'लवचीक वेळ' हा तर घरून कामाचा मोठा फायदा म्हणून सांगितला जातो. पण कॉल सर्व्हरवरून येत असल्यामुळे एक गोष्ट आपोआप झाली. शिफ्ट संपली, लॉगआउट केलं, की काम त्या माणसापर्यंत पोचूच शकत नव्हतं. रात्री साडेनऊला 'जरा हे बघून घे ना' म्हणणारा मेसेज या कामात संभवत नाही. दिवसाला शेवट होता.

फ्लोअर आणि खोली

कॉल सेंटरचा फ्लोअर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खुराड्यासारख्या खणांच्या ओळी, कानाला हेडसेट, आणि प्रत्येकाच्या हेडसेटमध्ये शेजारचा आवाज पाझरतोय. ग्राहक म्हणतो सतरा तारीख, तुम्हाला ऐकू येतं सत्तावीस. तुम्ही परत विचारता. तो चिडतो. दहा सेकंद गेली. दिवसभरात असे कितीतरी वेळा दहा सेकंद. चहाला गेलात तर स्टेटस 'ब्रेक', बाथरूमला गेलात तर तेही ब्रेक, आणि सगळ्याची मिनिटं टीम लीडरच्या पडद्यावर.

घरच्या खोलीत हा कल्लोळ नव्हता. नऊ महिन्यांनी हिशोब झाला तेव्हा घरच्या गटाचं काम 13 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. त्यातले साधारण 9 टक्के आले ते शिफ्टमधली जास्त मिनिटं कामावर राहिल्यामुळे, म्हणजे ब्रेक कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले 4 टक्के दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे, आणि त्याचं कारण लोकांनी सांगितलं ते शांतता. कॉलचा दर्जा घसरला नाही. प्रयोगाच्या काळात ऑफिसच्या गटातले 35 टक्के लोक नोकरी सोडून गेले, घरच्या गटातले 17 टक्के. टीव्ही लावून बसतील ही भीती खोटी ठरली.

ताणाचं काय? दर आठवड्याला प्रश्नावली भरून घेतली जायची. घरच्या गटाने कामाचा थकवा कमी असल्याचं नोंदवलं, मनःस्थितीही बरी सांगितली. कागदावर हे प्रकरण इथेच आनंदाने संपायला हवं.

इथे जरा थांबतो, कारण 'रजा कमी झाल्या' हे वाक्य मला नेहमी खुपतं. कंपनीच्या वहीत ते जमेच्या बाजूला आहे. पण 100 ताप असताना बस पकडून ऑफिसला न जाणारा माणूस घरी असेल तर काय करतो? हेडसेट घालतो. आजारी पडण्याचं प्रमाण घटलं, की आजारी असताना काम करण्याचं वाढलं, हे रजेच्या आकड्यावरून सांगता येत नाही. थकवा कमी झाला हे प्रश्नावलीतलं उत्तर खरं असेल आणि तरीही अंगावर काढण्याची सवय वाढली असेल. एचआरमध्ये बसणाऱ्याने रजेचा आलेख खाली गेला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत.

निम्मे परत

प्रयोग संपला आणि कंपनीने निवड खुली केली. ज्याला घरी राहायचंय त्याने राहावं, ज्याला ऑफिसात यायचंय त्याने यावं. कामगिरी वाढलेली, थकवा कमी, प्रवास वाचलेला. तरीही घरच्या गटातले जवळपास निम्मे लोक परत ऑफिसात आले. ऑफिसच्या गटातल्यांना आता घरी जायची संधी होती, नऊ महिन्यांपूर्वी त्यांनीच हात वर केला होता; पण त्यांच्यातल्याही बहुतेकांनी विचार बदलला. सगळे मिळून निम्म्याहून जास्त जणांनी आपली आधीची पसंती फिरवली.

परतणाऱ्यांनी पुन:पुन्हा सांगितलेलं कारण एकच, एकटेपणा.

हा एकटेपणा म्हणजे घरात माणसं नसणं असं समजू नका. तो कामातला आहे. फोनवर एखादा ग्राहक अर्वाच्य बोलतो. फ्लोअरवर असाल तर तुम्ही म्यूट दाबता, मान वळवता, शेजारची मुलगी भुवया उडवते, तुम्ही दोघी हसता आणि विषय संपतो. तीन सेकंदांचं काम. खोलीत असाल तर तो ग्राहक फोन ठेवतो आणि पुढचा कॉल कानात वाजतो. आधीचा राग तसाच आत राहतो, आणि त्याला ब्रेकचा कोड नाही. संध्याकाळी घरच्यांना सांगायला जावं तर त्यांना ना ग्राहक माहीत ना तिकिटाचे नियम. 'एवढं काय मनावर घेतेस' असं उत्तर मिळतं. विशीतल्या माणसाचं मित्रमंडळ बहुधा कामाच्या जागीच जमतं, हेही आहेच. आठवड्यातला एक दिवस त्याला पुरला नाही.

परत फिरणाऱ्यांमध्ये घरी ज्यांचं काम घसरलं होतं त्यांचं प्रमाण जास्त होतं. त्यामुळे निवड खुली केल्यावर घरून कामाचा फायदा 13 वरून 22 टक्क्यांवर गेला. म्हणजे आपल्याला घर मानवतं की नाही हे माणसांना करून बघितल्यावर कळलं, आधी नाही. कुणाला घरी बसवायचं हे वरून ठरवणाऱ्या प्रत्येक कंपनीने हा आकडा भिंतीवर लावावा.

दृष्टीआड सृष्टी

या प्रकरणात आणखी एक बोच आहे, ती मथळ्यांत क्वचित येते. सारखीच कामगिरी असलेली दोन माणसं घेतली, एक घरचा, एक ऑफिसातला, तर घरच्याला बढती मिळण्याची शक्यता सुमारे निम्म्याने कमी होती.

याची दोन स्पष्टीकरणं आली. एक म्हणजे टीम लीडर व्हायचं तर माणसं हाताळता यायला हवीत, आणि ते घरी बसून ना शिकता येतं ना दाखवता येतं. दुसरं असं की काहींना बढती नकोच होती, कारण वरच्या पदासाठी ऑफिसात जास्त यावं लागलं असतं. दोन्हींत तथ्य असेल. पण ज्याने कॉल जास्त घेतले, दर्जा राखला, रजा कमी घेतली, त्याच्या नजरेतून बघा. त्याच्या अप्रेझलमध्ये आकडे उत्तम आहेत आणि खुर्ची दुसऱ्याला मिळाली. हा ताण कुठल्याही साप्ताहिक प्रश्नावलीत सापडत नाही. तो वर्षातून एकदा येतो आणि वर्षभर पुरतो.

पैशांचं थोडक्यात: कंपनीचा अंदाज होता की घरून काम करणाऱ्या प्रत्येकामागे वर्षाला 2000 डॉलरच्या आसपास वाचतात, त्यातला मोठा वाटा ऑफिसच्या जागेचा. ती जागा अर्थातच हवेत विरली नाही. कर्मचाऱ्याच्या घरातली एक खोली शिफ्टपुरती कंपनीची झाली.

हीच चाळणी 2020 ला लावली तर

आता आपल्याकडचं. भारतातल्या कॉल सेंटरना दूरसंचार खात्याचे 'अदर सर्व्हिस प्रोव्हायडर' म्हणून नियम लागू होते, आणि घरून काम करवून घेणं त्या नियमांत फार अवघड होतं. 13 मार्च 2020 ला खात्याने त्यात सवलत दिली, आधी 30 एप्रिलपर्यंत, मग मुदत वाढत गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोंदणीची अटच गेली. 25 मार्चला टाळेबंदी लागली. हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली, सगळीकडे एकच धावपळ. लॅपटॉप पुरेनात म्हणून डेस्कटॉप गाड्यांत घालून घरी पाठवले गेले.

सीट्रिपची चाळणी इथे लावून बघा. स्वेच्छा? विचारलंच कुणी नाही. वेगळी खोली? वन बीएचकेत नवरा हॉलमध्ये कॉलवर, बायको बेडरूममध्ये कॉलवर, आणि मुलाची ऑनलाइन शाळा ओट्याशेजारी मोबाइलवर. आठवड्यातला ऑफिसचा दिवस? नाही. न जमल्यास परत यायची सोय? ऑफिसला कुलूप.

आणि आयटीवाल्यांच्या बाबतीत पाचवी गोष्टही निसटली: दिवसाचा शेवट. भारतातल्या एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीतल्या 10,000 हून जास्त कर्मचाऱ्यांच्या एप्रिल 2019 ते ऑगस्ट 2020 या काळातल्या नोंदी मायकल गिब्ज, फ्रिडेरिके मेंगेल आणि क्रिस्टोफ सीमरोथ यांनी तपासल्या. घरून काम सुरू झाल्यावर कामाचे तास वाढले, ऑफिसच्या वेळेबाहेरचे सुद्धा. काम मात्र होतं तेवढंच राहिलं, किंचित घटलंच. तासामागची उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी उतरली. जास्तीचे तास गेले कुठे? मीटिंगांत आणि एकमेकांशी मेळ घालण्यात. सलग, कुणी न अडवता काम करायला मिळणारा वेळ आक्रसला. साहेबाशी होणारं दोघांतलं बोलणं कमी झालं. ज्यांच्या घरी मुलं होती त्यांचे तास इतरांपेक्षा जास्त वाढले आणि उत्पादकता इतरांपेक्षा जास्त घसरली.

इथला ताण सीट्रिपच्या ताणाच्या अगदी उलट बाजूचा आहे. शांघायच्या खोलीत माणसं कमी पडली. इथे दिवसभर स्क्रीनवर माणसंच माणसं, आणि स्वतःचं काम करायला बसायचं ते मुलं झोपल्यावर. बाहेरून दोन्हीचं नाव 'वर्क फ्रॉम होम' असलं तरी उपाय एक असूच शकत नाही. पहिल्याला सोबत हवी, दुसऱ्याला कमी मीटिंगा आणि लॉगआउट.

लॉगआउटवरून आठवलं. कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी टाळेबंदीच्या आधीच, 2018 चं म्हणून, लोकसभेत आणलं होतं. तेव्हा बऱ्याच ऑफिसांत त्याची थट्टा झाली असणार. दोन वर्षांनी त्याच लोकांनी ते गंभीरपणे वाचलं असेल का, कोण जाणे. फ्रान्समध्ये अशी तरतूद 2017 पासून आहे.

'ज्यांना घर हवंय त्यांना घर द्या' हा सीट्रिपचा धडाही डोळे मिटून उचलण्यासारखा नाही. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी असाच सोडतीचा प्रयोग केला. तिथे घरचं काम ऑफिसपेक्षा 18 टक्क्यांनी कमी भरलं. चमत्कारिक भाग पुढेच आहे. घरून काम आवडतं म्हणणाऱ्यांचं घरी 27 टक्के नुकसान झालं, ऑफिस आवडतं म्हणणाऱ्यांचं 13. संशोधकांना त्यामागे अंशतः हे दिसलं: ज्यांच्यावर मुलांची किंवा घरातल्या कुणाची जबाबदारी आहे, किंवा घरची स्थिती बेताची आहे, त्यांना ऑफिस निवडणं परवडतच नाही. बाळाला मांडीवर घेऊन टाइप करणारी बाई 'घर हवं' असंच म्हणणार. तिने ते आवडीने निवडलं असं फॉर्मवर दिसेल. शांघायमध्ये वेगळ्या खोलीची अट होती. अशी बाई त्या चाळणीतून 249 मध्ये पोचली असती का, याची मला शंका आहे.

दुसरी सोडत

दहा वर्षांनी त्याच कंपनीने, आता नाव ट्रिप डॉट कॉम, पुन्हा जन्मतारखांचा खेळ मांडला. या वेळी 1,612 कर्मचारी, इंजिनिअर, मार्केटिंग आणि फायनान्सवाले, बहुतेक पदवीधर. काळ 2021-22 चा. एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून काम, दुसऱ्याला पाचही दिवस ऑफिस. म्हणजे पहिल्या प्रयोगात घराचे चार दिवस होते ते इथे दोन झाले.

नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण घरच्या गटात एक तृतीयांशाने घटलं. सर्वात जास्त फरक पडला तो बायकांमध्ये, लांबून येणाऱ्यांमध्ये आणि ज्यांच्या हाताखाली कुणी नाही अशांमध्ये. पुढची दोन वर्षं कामगिरीचे शेरे तपासले, फरक नाही. आणि बढत्या तपासल्या. तिथेही फरक नाही. पहिल्या वेळची ती निम्म्याने घटलेली शक्यता या वेळी दिसली नाही. तीन दिवस साहेबाच्या समोर असणाऱ्याला साहेब विसरत नाही, असा याचा साधा अर्थ मी लावतो.

प्रयोगाआधी मॅनेजरांना विचारलं होतं की घरून कामाने उत्पादकतेचं काय होईल. त्यांचा सरासरी अंदाज होता उणे 2.6 टक्के. प्रयोगानंतर तेच मॅनेजर अधिक 1 टक्का म्हणाले. निकाल हाती आल्यावर कंपनीने ही पद्धत सगळ्यांसाठी लागू केली.